बारोलोची जुनी बाटली सांगलीत उघडताना

परदेशातून आलेल्या पाहुण्याने दिलेली बारोलो या इटालियन रेड वाइनची दहा-बारा वर्षे जुनी बाटली आपल्याकडे बहुधा दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभी राहते आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तिथेच बिघडते. तासगावच्या बेदाण्याची नीट काळजी घेणाऱ्या जिल्ह्यात तरी असे होऊ नये.

बारोलो ही वाइन इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रदेशात, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवरील अकरा गावांत, केवळ नेब्बिओलो या द्राक्षवाणापासून तयार होते. हा वाण उशिरा पिकतो. आपल्या बागांत ऑक्टोबर छाटणी चालते, तेव्हा तिकडे काढणी सुरू असते. नियमानुसार काढणीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने, त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपांत, ही वाइन मुरवावी लागते. ‘रिझेर्व्हा’ असे लिहिलेले असेल, तर ६२ महिने. लेबलावर गावाचे नाव असल्यास ते अवश्य वाचावे, कारण ला मोर्राची वाइन तुलनेने लवकर मवाळ होते, तर सेर्रालुंगा दाल्बाची दहा वर्षांनंतरही चांगलीच तुरट लागू शकते.

बाटली आडवी, अंधारात आणि १२ ते १४ अंश सेल्सिअसला ठेवावी. वाइनसाठीचे वेगळे कपाट नसेल, तर ती आणखी मुरवण्याचा मोह सोडावा आणि उन्हाळ्याआधीच उघडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरचा फ्रिज काही आठवड्यांपुरता चालतो. तेथील कोरड्या हवेत अनेक महिने राहिल्यास बूच सुकते.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली फ्रिजमध्येच उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. तिथे त्याचा अर्थ १६ ते १८ अंश असा होतो. सांगलीतली खोली मार्चमध्येच तिशी ओलांडते आणि एवढ्या उष्णतेत वाइनमधील मद्यार्काचाच वास पुढे येतो. म्हणून बाटली पिण्याआधी साधारण तासभर फ्रिजबाहेर काढणे पुरेसे आहे. जुने बूच ठिसूळ असते, त्यामुळे स्क्रू सरळ आणि खोलवर घालून ते सावकाश ओढावे. तरीही ते तुटलेच, तर साबणाचा वास नसलेल्या मलमलीतून वाइन गाळून घ्यावी. एरवी बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरून ती काचेच्या जगमध्ये हळूहळू ओतावी आणि गाळाची काळी रेघ मानेपर्यंत येताच थांबावे. दहा-बारा वर्षांची वाइन जगमध्ये तास-दोन तास ठेवली, तर खुलते. वीस-पंचवीस वर्षांची मात्र ओतून लगेच प्यावी, कारण तिचा सुगंध लवकर उडून जातो.

रंग फिकट विटकरी दिसला, म्हणून वाइन खराब झाली असे समजू नये. नेब्बिओलोचा रंग मुळातच फिका असतो. सुकलेल्या गुलाबाचा आणि थोडासा डांबराचा वास हीही तिची ओळखच आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर मात्र दोष बुचाचा आहे आणि त्यावर उपाय नाही.

पिएमोंतेत गोमांस याच वाइनमध्ये तासन्‌तास शिजवतात. आपल्याकडे मंद आचेवर शिजवलेले मटण चालेल, परंतु कांदा-लसूण मसाला त्या दिवशी बाजूला ठेवावा, कारण तिखट आणि तुरटपणा एकमेकांना वाढवतात. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी.