गोंधळ, खळबळ, हाहाकार : बातमी लिहिताना या चुका टाळा

नाशिकमध्ये बातम्या तपासायला बसलं की एक गोष्ट रोज खटकते. कुठे काही बिनसलं की नवी मुलं ठरलेल्या चार शब्दांतला एक उचलतात : गोंधळ, खळबळ, हाहाकार, धुमाकूळ. मराठीत अशा शब्दांची रेलचेल आहे आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. शब्द चुकला की घटनाच बदलते, आणि कधी कधी भलत्याच माणसावर आळ येतो.

‘अफरातफर’ म्हणजे पळापळ नव्हे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. हिंदीत ‘अफरातफरी’ म्हणजे धावपळ, गोंधळ. मराठीत अफरातफर म्हणजे पैशांचा अपहार. जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत कांद्याचे लिलाव चालू असताना अचानक पाऊस आला. शेतकरी ताडपत्र्या घेऊन आपापल्या ट्रॉलीकडे धावले, काही काळ लिलाव थांबला, पाऊस उघडल्यावर पुन्हा सुरू झाला. शिकाऊ वार्ताहराने हिंदी वाहिनीवर ऐकलेला शब्द उचलला आणि मथळा दिला, ‘कांदा लिलावात अफरातफर’. पान लावणाऱ्याने घाईत तो तसाच सोडला.

सकाळपासून फोन सुरू झाले. कोणी किती खाल्ले, आमचे पैसे मिळणार की नाही, असं शेतकरी विचारू लागले. व्यापारी कार्यालयात येऊन बसले. समितीने लेखी खुलासा मागितला. दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापली, पण ती आतल्या पानावर, चार ओळींत. ‘आग असल्याशिवाय धूर निघत नाही’ हे बोलणं गावोगाव चालूच राहिलं. ‘पावसाने शेतकऱ्यांची तारांबळ’ एवढं पुरलं असतं. हिंदी वाहिनीच्या पट्टीवरचा शब्द जमलं तर शेवटची वेलांटी कापून मराठीत आणायची ही सवय मला अजिबात मान्य नाही. हडकंप, बवाल, भगदड यांचीही तीच गत. खळबळ, राडा, चेंगराचेंगरी हे आपले शब्द असताना उसनवारी कशाला?

क्रियापदाकडे बघा

नाम बरोबर आणि क्रियापद चुकीचं, हे तर रोजचंच. ‘तारांबळ माजली’, ‘खळबळ घातली’, ‘हैदोस उडाला’ असलं काही वाचलं की लिहिणाऱ्याने वाक्य एकदाही मोठ्याने म्हणून पाहिलेलं नाही, हे कळतं. तारांबळ उडते, त्रेधातिरपीट उडते. अनागोंदी आणि बेबंदशाही माजते. हैदोस आणि धुमाकूळ घालतात. दंगल उसळते किंवा पेटते, उद्रेक होतो, बंड पुकारतात.

गोंधळाला मात्र तिन्ही क्रियापदं चालतात, म्हणून तिथे जपून. महापालिकेच्या महासभेत ध्वनिक्षेपक बंद पडला आणि कोण बोलतंय ते कळेना, तर गोंधळ उडाला. कामकाज कोणाच्याच हातात राहिलं नाही, तर गोंधळ माजला. ठराव होऊ नये म्हणून कोणी पीठासनापुढे येऊन घोषणा दिल्या, तर गोंधळ घातला. ‘घातला’ लिहिलं की कोणी घातला ते सांगावं लागतं, आणि नेमकं तेच टाळण्यासाठी ‘उडाला’ लिहिलं जातं. माझी सवय अशी : बातमीतल्या अशा प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारते आणि समोर विचारते, ‘कोणी केलं?’ उत्तर आलं नाही तर बातमी परत.

‘चेंगराचेंगरी’ जपून वापरा

सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की हा शब्द फार स्वस्त होतो. नाशिककरांना तो तसा वापरणं शोभत नाही. 27 ऑगस्ट 2003 रोजी शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर माणसं खरोखर चेंगरून मेली. अशा वेळी बहुतेकांचा जीव पायाखाली तुडवून जात नाही. चहूबाजूंच्या दाबाने छाती फुगत नाही आणि श्वास कोंडतो. म्हणून दर्शनाच्या रांगेत थोडं मागेपुढे झालं, तर ती रेटारेटी किंवा ढकलाढकली. लोक घाबरून धावले तर पळापळ. माणसं दबून जखमी झाली किंवा दगावली, तरच चेंगराचेंगरी. ‘चेंगराचेंगरीसदृश परिस्थिती’ तर मी सरळ खोडते. नक्की काय घडलं ते विचारायचा कंटाळा त्या ‘सदृश’मध्ये असतो.

पुराचा हाहाकार

गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, की ‘गोदाकाठी हाहाकार’. टपऱ्या हलवायची धावपळ असते ती. 2008 च्या सप्टेंबरमध्ये सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलं, दुकानं बुडाली. हाहाकार हा शब्द तेव्हासाठी. पाणी मारुतीच्या कमरेला की छातीला, एवढं लिहिलं तरी नाशिकचा वाचक बाकीचं समजतो.

काही किरकोळ पण नित्याच्या :

‘यात्रेत दंगल’ असा मथळा देऊ नका. कुस्त्यांची दंगल असेल तर ‘कुस्त्यांची’ हा शब्द कापू नका.

बंगल्यात शिरून जिन्याखाली दडलेला बिबट्या धुमाकूळ घालत नसतो.

खलबतं आणि खळबळ यांचा एकमेकांशी संबंध नाही. खलबतं बंद दाराआड चालतात.

राडा बोलण्यात ठीक. मृत्यू झाला असेल तर तो शब्द नको.

सत्याग्रहाला दंगल म्हणणं

याला चूक म्हणणं कमी पडेल, हा अन्याय आहे. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. लोक शिस्तीने दारांपुढे बसले. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक आणि मारहाण झाली. तरीही वर्धापनदिनाच्या मजकुरात ‘काळारामची दंगल’ असं लिहून आलेलं मी पाहिलं आहे. दंगल म्हटलं की दोन्ही बाजू सारख्याच दोषी ठरतात, आणि हक्क मागणारा व दगड मारणारा एकाच ओळीत बसतो. बंड म्हणावं तर शिस्तीने बसलेल्यांच्या हाती नसलेलं शस्त्र दिल्यासारखं होतं. तिथे सत्याग्रह हाच शब्द लिहायचा, दगडफेकीला दगडफेक म्हणायचं, आणि ती सत्याग्रहींवर झाली हेही त्याच वाक्यात यायला हवं.