ठाण्यातल्या घरी स्कीला बाइंडिंग बसवायचे तर

गुलमर्ग, औली किंवा सोलंगसाठी स्वतःची स्की घेणाऱ्या ठाणेकराला पहिली अडचण येते ती ही, की स्की आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरणारी आणि पडताना सोडणारी यंत्रणा) अनेकदा वेगवेगळ्या खोक्यांतून घरी येतात आणि ती जोडून देणारी कार्यशाळा जवळपास सहजी सापडत नाही. हे काम घरी करता येते. मात्र त्यात ड्रिल चालवण्याचा भाग थोडा आणि आखणीचा मोठा असतो. ज्याला आखणीचा कंटाळा आहे त्याने ते हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदीच्या वेळीच दोन गोष्टी जुळवून घ्याव्यात. नेहमीच्या अल्पाइन बुटाचा तळवा आयएसओ ५३५५ या मानकाचा असतो, बर्फातून चढण चढण्यासाठीच्या टूरिंग बुटाचा ९५२३ चा आणि चालायला सोयीचा ग्रिपवॉक तळवा २३२२३ चा. प्रत्येक बाइंडिंग या सर्वांना स्वीकारत नाही, म्हणून बाइंडिंगच्या माहितीपत्रकात आपल्या बुटाचे मानक शोधावे. ब्रेकची, म्हणजे बूट सुटल्यावर स्कीला घसरत जाण्यापासून रोखणाऱ्या दांड्यांची, रुंदी स्कीच्या कमरेच्या, म्हणजे सर्वांत अरुंद भागाच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त हवी, परंतु साधारण पंधरा मिलिमीटरांहून अधिक नको, कारण स्की कडेवर कलली की बाहेर आलेला ब्रेक बर्फात घासतो.

बुटाच्या टाचेजवळ कवचावर ३०५ किंवा ३१५ अशी संख्या कोरलेली असते. ती तळव्याची मिलिमीटरमधली लांबी होय. आपल्या पादत्राणाचा नेहमीचा क्रमांक येथे उपयोगाचा नाही. कवचाच्या कडेला तळव्याचा मध्य दाखवणारी रेघ असते आणि स्कीवरही निर्मात्याने सुचवलेली रेघ असते. या दोन रेघा एकमेकींवर आणणे हे सगळ्या आखणीचे उद्दिष्ट आहे. काहीजण बूट एखादा सेंटिमीटर पुढे किंवा मागे घेतात. पहिल्या वेळी निर्मात्याची रेघ सोडण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र दोन्ही स्कींवरची रेघ शेपटीपासून सारख्याच अंतरावर आहे का, हे पोलादी पट्टीने तपासावे; फरक आढळल्यास एकच अंतर ठरवून ते दोन्हींवर घ्यावे.

कार्यशाळांत बाइंडिंगच्या प्रत्येक जातीसाठी धातूचा जिग, म्हणजे भोकांच्या जागा नेमक्या दाखवणारा साचा, असतो. आपल्याकडे तो नसल्याने निर्मात्याने दिलेला किंवा जाणकारांनी तयार केलेला कागदी साचा वापरावा लागतो, आणि धोका नेमका कागदात लपलेला असतो. नौपाड्यातल्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री आकाराची छपाई होते, परंतु संगणक कागदात मावावे म्हणून चित्र गुपचूप लहान करतो. छपाई शंभर टक्के मापातच हवी असे आधी सांगावे, आणि साच्यावर दिलेली मोजपट्टी दुकानातच उभ्या व आडव्या दोन्ही दिशांनी पोलादी पट्टीशी ताडून पाहावी. त्यानंतरही साच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. प्रत्यक्ष बाइंडिंग त्यावर ठेवून त्याच्या भोकांतून साच्यावरचे सर्व बिंदू नेमके मध्यभागी दिसतात का ते पाहावे.

आता स्कीची मध्यरेषा काढायची. बाइंडिंग बसणार त्या सबंध भागावर मास्किंग टेप चिकटवावी, त्या टप्प्यात तीन-चार ठिकाणी व्हर्नियर कॅलिपरने रुंदी मोजून तिचा अर्धा भाग डाव्या धारेपासून आणि मग उजव्या धारेपासून टिपावा, आणि दोन्ही खुणा एकाच बिंदूवर पडल्याशिवाय पुढे जाऊ नये. पोलादी धारा नव्या स्कीवर बोट कापतील इतक्या तीक्ष्ण असतात, म्हणून हातमोजे घालावेत. मध्यरेषेला गुण्या लावून स्कीच्या रेघेवरून काटकोनात आडवी रेघ ओढली की साचा टेकवायला पक्का आधार मिळतो. एका स्कीवर बाइंडिंग अर्धा अंशही तिरके बसले तर सरळ उतरणीवर ती स्की सतत एका बाजूला ओढते, आणि ते पुढे कशानेही लपत नाही.

साचा चिकटवल्यावर प्रत्येक बिंदूवर सेंटर पंचाने हलका ठोका द्यावा. साचा काढून टाकल्यावर बाइंडिंगचा चवड्याकडचा व टाचेकडचा भाग त्या खुणांवर ठेवावा, त्यात बूट अडकवून पाहावा आणि बुटाची मध्यरेघ स्कीच्या रेघेवर येते का, बुटाचे टोक व टाच मध्यरेषेवर आहेत का, हे डोळा स्कीच्या पातळीवर आणून तपासावे. स्की आधी कोणी वापरलेली असेल तर जुन्या भोकांपासून नव्या भोकाचे केंद्र किमान एक सेंटिमीटर दूर असावे. तेवढी जागा मिळत नसेल तर बूट थोडा पुढे-मागे सरकवणे किंवा ती स्की सोडून देणे, हे दोनच सुज्ञ पर्याय उरतात.

भोकाचे माप स्कीवरच छापलेले असते. धातूचा थर नसलेल्या प्रौढांच्या स्कीला बहुधा ३.६ मिलिमीटर व्यासाचे आणि ९ मिलिमीटर खोलीचे भोक लागते. टायटॅनलचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, थर असेल तर व्यास ४.१ होतो; मुलांच्या स्कीला खोली ७.५ मिलिमीटरपर्यंत कमी असते. अशा दशांश मापांचे बिट गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाले नाही तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला पाहावे. स्कीसाठीच्या खास बिटला खोली थांबवणारा खांदा असतो. तो नसेल तर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय आपल्या दारातच आहे: वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून तळ सपाट असलेला एक जाड पोलादी बुश, म्हणजे आरपार भोक असलेली नळी, करून घ्यावा, ज्यातून बिट अगदी काटकोनात उतरेल आणि ड्रिलचा जबडा बुशवर टेकताच बिटचे टोक बरोबर ९ मिलिमीटर बाहेर राहील. हे माप बिटच्या निमुळत्या टोकापर्यंतचे घ्यावे, कारण खालचा तळ फोडतो तो तोच भाग.

भोक पाडण्याआधी स्क्रू बाइंडिंगमध्ये घालून प्रत्येक स्क्रू खाली किती बाहेर येतो तेही मोजावे. चवड्याचे आणि टाचेचे स्क्रू पुष्कळदा वेगळ्या लांबीचे असतात, म्हणून ते वेगळ्या वाट्यांत ठेवावेत. स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असल्याने ती नुसती टेबलावर ठेवून दाबली तर हलते. खाली लाकडी ठोकळे देऊन दोन सी-क्लॅम्पने ती घट्ट धरावी. सोसायटीत ड्रिल चालवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि ती वेळ टळली तर हे काम रात्रीवर ढकलून घाई करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी करावे. धातूच्या थरात वेग कमी आणि दाब स्थिर ठेवावा. भोक पडल्यावर त्याच्या तोंडाशी वर आलेला कडा मोठ्या बिटने हाताने फिरवून काढावा, नाहीतर बाइंडिंग त्या उंचवट्यावर टेकते आणि खाली फट राहते.

टायटॅनल असलेल्या स्कीत आटे आधी पाडून घ्यावेत. त्यासाठी १२ एबी या मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडणारे हत्यार, लागतो. बाजारात सहज मिळणारा मेट्रिक टॅप येथे चालत नाही. भुसा व कीस फुंकून काढून प्रत्येक भोकात पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद, उदाहरणार्थ फेव्हिकॉल मरीन, दोन थेंब सोडावा. तो आट्यांना वंगण देतो आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी लाकडी गाभ्यात शिरू देत नाही. अराल्डाइट अधिक पक्के बसते, परंतु पुढे स्क्रू काढायचा झाल्यास त्याच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न धरून तो तापवावा लागतो.

स्क्रूचे डोके फिलिप्ससारखे दिसते, पण ते पोझिड्राइव्हचे असते. मुख्य खाचांच्या मधे चार बारीक रेघा दिसतात ती त्याची खूण. क्रमांक तीनचा पोझिड्राइव्ह ड्रायव्हरच वापरावा आणि हातानेच फिरवावा. आधी सर्व स्क्रू सैल बसवून मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, आणि घट्ट झाल्याची जाणीव होताच थांबावे. एखादा स्क्रू नुसताच फिरू लागला तर त्या भोकात अराल्डाइटसोबत स्टील वूलचे काही धागे भरून तो पुन्हा बसवता येतो. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत गोंद सुकायला वेळ लागतो; तेव्हा एक पूर्ण दिवस, शक्य तर दोन, स्की हलवू नये.

आता बुटाची पकड जुळवायची. बूट अडकवल्यावर टाचेचा भाग बुटाला पुढे किती दाबतो हे दाखवणारा दर्शक प्रत्येक बाइंडिंगवर वेगळ्या प्रकारे असतो, आणि तो पत्रकात सांगितलेल्या मर्यादेतच यायला हवा. पिनांवर धरणाऱ्या टेक बाइंडिंगमध्ये या दाबाऐवजी बहुतेक प्रकारांत टाचेमागची फट मोजतात. ती निर्मात्याने दिलेल्या पट्टीनेच मोजावी.

सुटण्याचे मूल्य, म्हणजे किती जोर पडल्यावर बूट सुटावा हे ठरवणारा आकडा, हा यातला सर्वांत गंभीर भाग आहे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या याल्मार व्हाम यांनी १९३७ साली स्वतःचा पाय मोडल्यानंतर सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना मांडली, आणि तेव्हापासून पडताना बूट वेळेवर सुटणे हेच या यंत्रणेचे काम राहिले आहे. वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून आयएसओ ११०८८ च्या तक्त्यातून हे मूल्य काढतात. मित्राचे मूल्य आपल्याला लावू नये, आणि धीट दिसण्यासाठी ते वाढवू तर मुळीच नये. शिवाय बाइंडिंगवर लावलेला हा आकडा म्हणजे प्रत्यक्ष बल नव्हे. ते यंत्रावर मोजावे लागते, आणि घरी बसवलेल्या बाइंडिंगची अशी चाचणी झाल्याशिवाय उतारावर जाऊ नये. जिथे जाणार तिथल्या स्की केंद्रात असे यंत्र आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे. गालिच्यावर उभे राहून पाय हळूच आत वळवून चवडा सुटतो का पाहणे ही रोजची तपासणी उपयुक्त आहे, पण ती यंत्राची जागा घेत नाही.

पहिल्या दिवसाच्या शेवटी सर्व स्क्रू हाताने तपासावेत. त्यासाठीचा ड्रायव्हर श्रीनगरच्या विमानात केबिनच्या पिशवीत न ठेवता स्कीच्या पिशवीत, म्हणजे चेक-इन सामानात टाकावा.