पायथनमध्ये ‘नॅन’ पकडायचा कसा

कुलाबा आणि सांताक्रूझच्या पावसाचे आकडे मी स्वतःच्या एका फाइलमध्ये साठवतो. एका रकान्यात आकड्याऐवजी ‘नॅन’ (‘नॉट अ नंबर’, म्हणजे आकडा नसल्याची खूण) पडलं होतं आणि मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या फ्लोट() ने ते मुकाट्याने स्वीकारलं. रिकामा रकाना असता तर निदान एरर तरी आली असती! महिन्याची बेरीज मात्र नॅन.

पहिली चूक बहुतेकांची एकच: किंमत नॅनशी == लावून तपासायची. ते कधीच खरं ठरत नाही, कारण आयईईई ७५४ या संगणकातल्या दशांश आकड्यांच्या १९८५ च्या मानकानुसार नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. (म्हणून काहीजण ‘एक्स != एक्स’ लिहितात. चालतं, पण सहा महिन्यांनी वाचणारा बुचकळ्यात पडतो.) सरळ मॅथ.इझनॅन() वापरा. अनंतही नको असेल तर मॅथ.इझफायनाइट(). मी तेच वापरतो, एका फटक्यात दोन्ही बाहेर.

सर्वात मोठा आकडा शोधणाऱ्या मॅक्स() वर भिस्त नको. यादीत नॅन पहिला असेल तर उत्तर नॅन, शेवटी असेल तर खरा आकडा.

आणि ‘५०० च्या वरचं सगळं चूक’ अशी मर्यादा घालून सुटका होत नाही. ‘नॅन > ५००’ हे असत्यच, म्हणजे तो चाळणीतून सुखरूप पार. उलट २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर, अगदी खरेखुरे, तेवढे कचऱ्यात जातील. कुलाब्याला तेव्हा ७३ च्या आसपासच पडला होता.