आरोग्याचा फॉरवर्ड आला की पडताळणी कशी करावी

‘गरम नारळपाणी प्या, कॅन्सरच्या पेशी मरतात.’ टाटा मेमोरियलचे माजी संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावावर खपवलेला हा मेसेज खोटा असल्याचे रुग्णालयाने जाहीर केले, तरी तो फिरतच राहिला. तोच समोर ठेवून पडताळणी करू.

आधी व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसतात का ते बघा. दिसले तर तो किमान पाच हातांतून आलेला असतो. म्हणजे तो खोटाच असे नाही, पण पाठवणाऱ्याला लेखक माहीत नसतो.

मग मजकूर सावकाश वाचा. तारीख नाही, मूळ लिंक नाही, वर दहा जणांना पाठवा म्हणून गळ. उपचार सांगणारा डॉक्टर मात्रा सांगतो आणि कोणी घेऊ नये हेही सांगतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला नारळपाण्यातले पोटॅशियम बाधू शकते. असल्या मेसेजमध्ये ते येत नाही.

आता शोधा. डॉक्टरांचे नाव, रुग्णालय, ‘नारळपाणी’ आणि पुढे ‘फॅक्ट चेक’ एवढे पुरते. मराठीत काही मिळाले नाही तर इंग्रजीत टाका, कारण असे बरेच मेसेज भाषांतर होऊन आलेले असतात. फोटो मुळात कुठला आहे ते गूगल लेन्सने तपासा. केंद्र सरकारच्या नावाचा दावा असेल तर पीआयबी (सरकारचे पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकला ८७९९७११२५९ वर व्हॉट्सॲप करा.

‘संशोधनात सिद्ध’ असे लिहिले असेल तिथे सर्वाधिक वेळ द्या. प्रयोग कोणावर झाला? काचेच्या बशीतल्या पेशी मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत फार अंतर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नी कॅन्सरमधून बरी झाल्याचे श्रेय हळद, कडुनिंब आणि आहाराला दिले. त्यावर टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांना निवेदन काढून सांगावे लागले की याला पुरेसा पुरावा नाही. सिद्धूंच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. फॉरवर्डमध्ये नेमके हेच गळते.

‘हे खरं आहे का?’ म्हणून मूळ मेसेज दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. तुमचा प्रश्न मागे राहतो, मेसेज पुढे जातो. पाठवणाऱ्या काकांना चारचौघांत खोडून काढू नका, वेगळा फोन करा: ‘काका, हे टाटाने लिहिलेलं नाही, त्यांचा खुलासा पाठवतो.’

घरात कोणी आजारी असेल तर त्याच फोनवर विचारा, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ बंद केल्या असतील तर मेसेजवरचा वाद सोडा आणि त्याच दिवशी त्यांचे डॉक्टरांशी बोलणे करून द्या.