डेबियन ११ (लिनक्स) वर डेब (इन्स्टॉल करायची पॅकेज फाइल) चालेना: 'जीलिबसी_२.३४ नॉट फाऊंड'

सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानासाठी हिशोबपट्टी छापायचा छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. माझ्या उबुंटू २२.०४ (हेही लिनक्सच) वर झकास. दुकानातल्या डेबियन ११ वर डीपीकेजी (डेब बसवणारा प्रोग्रॅम) 'लिबसी६ २.३४ हवं' म्हणून अडून बसलं; लिबसी६ म्हणजे जीलिबसीचंच पॅकेज. फोर्स-डिपेंड्सने (लागणारी पॅकेजेस नसली तरी बसव, असा पर्याय) रेटून घातलं, तर सुरू करताच वरचा एरर. (उबुंटूतली लिबसीची फाइल तिकडे कॉपी करू नका, अख्खी मशीन बसेल.) दोन रविवार पाण्यात.

कारण साधं: जीलिबसी म्हणजे प्रोग्रॅमना लागणारी सी भाषेची मूळ लायब्ररी; उबुंटूत ती २.३५, डेबियन ११ मध्ये २.३१. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट नाही.

म्हणून माझ्याच मशीनवर डेबियन ११ च्या आत बांधायचं ठरवलं. आधी डीबूटस्ट्रॅप (फोल्डरात छोटं डेबियन उतरवणारं टूल) आणि डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग (डेबियनची पॅकेजेस खरी आहेत हे तपासायच्या चाव्या) घातलं. डीबूटस्ट्रॅपने 'बुल्सआय' (डेबियन ११ चं नाव) एका फोल्डरात उतरवलं, सोर्स त्यात टाकला, सीएचरूटने (फोल्डरालाच वेगळी सिस्टीम मानून आत शिरायची कमांड) आत गेलो. तिथे बिल्ड-इसेन्शियल (कंपायलर वगैरे), मग सोर्सच्या फोल्डरातूनच 'एपीटी बिल्ड-डेप ./' (बांधायला लागणारं सगळं आणतं), शेवटी 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी' (सही न करता डेब बांधतं). तयार झालेलं डेब दुकानात पहिल्या फटक्यात बसलं, पट्टीही निघाली.