बीप वाजला म्हणजे गाडीचा अर्थ (अर्थिंग) लागला असं नाही

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. शिरवळला सेकंड शिफ्ट सुटली की रात्री खंबाटकी चढून वाईकडे घरी. गाडी जुनी, शंभर सीसी, किकवाली, सेकंडहँड. घाटात हेडलाइट इतका मिणमिणता की मागून ट्रक आला तरच रस्ता दिसायचा. त्या उजेडात माझीच सावली पुढे पडायची आणि खड्डा नेमका सावलीत. हॉर्न मांजरासारखा, इंडिकेटर लागला की लागलेलाच. आणि मी आयटीआयचा वायरमन! लाज वाटायची, म्हणून कुणाला विचारलंही नाही. ती पहिली चूक.

दुसरी चूक, नवी बॅटरी घेतली. अशा जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा हेडलाइट बॅटरीवर नसतोच, थेट मॅग्नेटच्या कॉइलवर, म्हणजे इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या गुंडाळीवर चालतो. चावी फिरवा, इंजिन बंद ठेवून स्विच टाका. हेडलाइट लागला नाही पण हॉर्न वाजला, तर हेडलाइट कॉइलवर आणि हॉर्न-इंडिकेटर बॅटरीवर. दहा सेकंदांचं काम, मी केलं नाही. नवी बॅटरी महिनाभरात बसली.

तिसरी चूक सांगायलाही नको वाटतं. ३५/३५ वॅटच्या बल्बच्या जागी ६०/५५ चा हॅलोजन घातला. कॉइल तेवढीच, मग उजेड वाढणार कुठून? उलट कमी झाला, आणि होल्डरचं प्लास्टिक वितळून वास सुटला. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणतो, कारण घाटात तो नसतो.

बॅटरीचं मोजमाप तुम्हाला माहीत असेल. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. पंधराच्या वर गेलं तर रेक्टिफायरकडे बघा, म्हणजे कॉइलचा एसी करंट डीसी करून बॅटरीला देणाऱ्या आणि जादा व्होल्टेज अडवणाऱ्या डबीकडे. माझ्याकडे रेस देऊन तेरा यायचं आणि हेडलाइट टाकला की १२.३ वर घसरायचं. इथेच मला उमगायला हवं होतं. हेडलाइटची कॉइल वेगळी, चार्जिंगची वेगळी, मग एकाने दुसऱ्याला ओढायचं कारण काय? दोघांची जी एकच सामाईक वाट आहे, ती म्हणजे फ्रेम-इंजिनच्या धातूतून करंट परत जाण्याची. अर्थ.

अर्थ मी तपासला होता हो! मल्टिमीटर बीपवर (वायर सलग आहे का ते सांगणाऱ्या मोडवर) ठेवला, एक टोक अर्थच्या हिरव्या वायरला, दुसरं इंजिनला. खणखणीत बीप. अर्थ ओके म्हणून पुढे गेलो, रेक्टिफायर बदलला, कॉइल प्लेट काढायला निघालो. या बीपने माझे दीड महिने खाल्ले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बीप वाजवताना मीटर वायरमधून अगदी नावापुरता करंट सोडतो. वीस ओहमचा अडथळा असला तरी बरेच मीटर वाजतात. ३५ वॅटच्या बल्बला मात्र बारा व्होल्टवर जवळपास तीन अँपिअर लागतात. वाटेत एकच ओहम असला तरी दोन-अडीच व्होल्ट तिथेच जिरतात. ओहमच्या रेंजवर तो एक ओहम नीट कळतही नाही, कारण मीटरच्या वायरींचाच अर्धा ओहम धरून चालावं लागतं. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून फार वेगाने पडतो. बारावरून साडेनऊवर आला की निम्माही राहत नाही.

म्हणून अर्थ तपासायचा तो लोड असताना. इंजिन चालू, हेडलाइट चालू, थोडी रेस, मीटर एसी व्होल्टवर. एक टोक होल्डरच्या अर्थ वायरला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. दोन-तीन दशांश व्होल्ट आलं तर ठीक. माझ्याकडे २.२ आलं. मी मीटरच खराब समजलो.

शेवटी टाकी उतरवली. खाली फ्रेमला अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) कसलेला, आणि लगाखाली चकचकीत काळा रंग. विकणाऱ्याने फ्रेम रंगवून दिली होती, त्या रंगावरच तर मी भुललो होतो! अर्थ लागत होता तो फक्त बोल्टच्या गंजक्या आट्यांतून. जोरात रेस दिली की उजेड बऱ्यापैकी यायचा, म्हणून ‘मॅग्नेटची गाडी अशीच असते’ अशी मी समजूत घातलेली. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, दातेरी वॉशर टाकला, वरून व्हॅसलीन. २.२ चं ०.१ झालं. बॅटरी हेडलाइट चालू असताना १३.९.

एलईडी टाका म्हणणारे भेटतील. एसी लाइनवर डीसीचा एलईडी लपलपतो आणि लवकर मरतो, आणि मूळ रोग झाकला जातो तो वेगळाच. व्हिडिओ बघून शिकायलाही हरकत नाही, पण त्यातली गाडी कधी गंजलेली नसते. त्यापेक्षा गावातला म्हातारा मिस्त्री बरा. तोंडाने फटकळ असेल, पण पार्ट बदलण्याआधी पाना घेऊन लग सोडतो. मी सगळं सांगितल्यावर आमच्याकडचे मिस्त्रीमामा एवढंच म्हणाले, ‘रंगवलेली गाडी ना? मग आधी टाकीच काढायची की.’

घाबरू नका, हे काम अवघड नाही. मोजक्याच वायरी असतात. उलटा प्रकार असेल, म्हणजे रेस दिली की बल्ब उडतच असतील, तरीही लगेच रेक्टिफायर विकत घेऊ नका. आधी त्याच्याच अर्थ वायरचा कनेक्टर उघडून बघा. तिथला अर्थ सुटला की जादा व्होल्टेज अडवायला कुणी उरत नाही. आणि टाकी काढण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करा. मी केला नव्हता.