वाइन द्राक्ष सल्ला : गोडी येईलच, आंबटपणा जपा

मण्यांत पाणी उतरल्यापासून, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागल्यापासून, तोडणीपर्यंतचा काळ वाइनची प्रत ठरवतो, आणि तापमानवाढीचा मोठा फटकाही याच काळाला बसतो. फ्रान्समधल्या बोन इथल्या तोडणीच्या तारखा १३५४ पासून उपलब्ध आहेत. १९८८ पासून तिथली तोडणी सरासरी १३ दिवस अलीकडे आली आहे. म्हणजे मणी पिकतात तेच मुळी जास्त कडक उन्हात.

अशा उन्हात गोडी झपाट्याने चढते, पण मण्यातलं मॅलिक आम्ल घटतं आणि पीएच वाढतो (पीएच जितका जास्त, तितका आंबटपणा कमी). पारा ३५ अंशांच्या वर टिकून राहिला तर काळ्या द्राक्षांचा रंगही नीट भरत नाही. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २४ दाखवतोय आणि बी चावून बघावं तर अजून हिरवं, तुरट! म्हणून ब्रिक्स मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरइतकंच पीएच मीटरही वापरा. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, शेवटच्या पंधरवड्यात एक दिवसाआड नमुना घ्या. घडाच्या वरचे, खालचे, उन्हातले, सावलीतले असे मिळून शंभरेक मणी हवेत. नुसते बाहेरचे टपोरे मणी घेतले तर आकडा फसवतो.

पानं काढताना हात आवरा. केवडा-भुरी हे बुरशीचे रोग रोखायला घडाभोवती हवा खेळायला हवी, हे खरं; पण सकाळचं ऊन येतं त्याच बाजूची पानं काढा. दुपारचं ऊन थेट लागलं तर मणी हवेपेक्षा १० अंशांनीही जास्त तापू शकतो. आधी तपकिरी डाग पडतो, मग मणी सुकतो. पश्चिमेकडे सावलीची जाळी लावा किंवा केओलिन (पांढरी माती) फवारा. उष्णतेची लाट येणार असेल तर ठिबक आधीच चालवा, वेली मलूल झाल्यावर नाही.

जवळपास वणवा लागला असेल, तर धुराचा दोष घड धुऊन जात नाही. बादलीभर द्राक्षं आधी आंबवून चव बघा, मग बाकीची तोडा.

तोडणी पहाटे, शक्य तर रात्रीच उरका. रसाचा पीएच जास्त आला आणि नियमात बसत असेल, तर टार्टारिक आम्ल आंबवण सुरू होण्याआधीच घाला. लिटरला १ ग्रॅम घातल्यावर पीएच साधारण ०.१ ने उतरतो. रसात पोटॅश जास्त असेल तर हिशेब चुकतो, तेव्हा आधी थोड्या रसावर करून पाहा. हे काम टाळू नका, कारण वाइन टिकवायला ३.४ पीएचला जेवढा मोकळा (इतर घटकांशी न जोडलेला) सल्फर डायऑक्साइड पुरतो, त्याच्या जवळजवळ अडीचपट ३.८ ला लागतो.